जुनाट कंबरदुखी : विश्रांती किती, हालचाल किती

कंबर 12 आठवड्यांहून अधिक काळ दुखत असेल, तर ते दुखणे जुनाट मानले जाते, आणि अशा दुखण्यात दिवस-दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात व हालचालीची भीती वाढत जाते. म्हणून विश्रांती थोडी आणि ठरवून घ्यावी: गुडघ्यांखाली उशी घेऊन 15-20 मिनिटे पाठीवर पडावे आणि मग उठून घरातच चार फेऱ्या माराव्यात.

चालणे कळेवर नव्हे, घड्याळावर ठरवावे. 10 मिनिटांनी कंबर भरून येत असेल, तर 7 मिनिटांवरच थांबावे, आठवडाभर तेवढेच चालावे आणि मग एखाद-दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटेल त्या दिवशी साऱ्या घराची झाडलोट उरकण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या दिवशीची कळ बहुधा त्यातूनच येते. कंबरपट्ट्यावर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही त्याच्या नेहमीच्या वापराची शिफारस करत नाहीत.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाल्यास मात्र व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.