लूमवर बाळाचं ब्लँकेट विणताना या चुका टाळा

लूमवरचं, म्हणजे खुंट्यांच्या चौकटीवर हुकाने फास उचलत विणलेलं ब्लँकेट बहुतेक वेळा पहिली ओळ घालण्याआधीच बिघडलेलं असतं, कारण लोकर चुकते. दुकानात ‘बाळासाठी हवी’ म्हटलं की बारीक, मऊ बेबी वूल पुढ्यात येते. सुयांवर ती सुरेख विणली जाते. पण मोठ्या लूमच्या खुंट्यांमध्ये अंतर जास्त, त्यामुळे एकेरी धाग्याची नुसती जाळी होते आणि त्या भोकांत बाळाची बोटं अडकतात. धागा दुहेरी-तिहेरी घ्या, नाहीतर जाड लोकर आणा. केसाळ लोकर नकोच, तिचे तंतू तोंडात जातात.

कडा गुंडाळल्या जातात ही तक्रार नेहमीची. नुसतं सुलट विणलं की कापड वळणारच, त्यात हाताचा दोष नाही. कडा सपाट करायला ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. लोकर कायमची चपटी होते. त्यापेक्षा एक ओळ सुलट, एक उलट विणा. उलट टाक्यासाठी धागा जुन्या फासाच्या खाली धरा, हुक फासातून वरून खाली घालून धागा वर ओढा, जुना फास काढून नवा खुंटीवर चढवा. वेळ लागतो खरा, पण ब्लँकेट सपाट बसतं. एवढं नको असेल तर वर-खाली काही ओळी आणि दोन्ही बाजूंचे पाच-सहा टाके तरी असे ठेवा.

लूमवर ताणलेली रुंदी खरी धरू नका. उतरवल्यावर ती आक्रसते. आधी 20 टाक्यांचा नमुना विणून, धुऊन मोजा. तो 16 सेंटीमीटर भरला, तर 75 सेंटीमीटरला साधारण 94 टाके लागतील. तेवढ्या खुंट्या नसतील तर पट्ट्या विणून जोडा.

फास हुकाने उचलताना जोर लागतोय? धागा फार ओढला जातोय, सैल सोडा. मध्येच टाका गळला तर उसवू नका. क्रोशाच्या सुईने खालच्या फासापासून एकेक पायरी वर आणा.

टाके बंद करताना टोपीसारखा धागा ओवून ओढला तर ब्लँकेटची पिशवी होते. दोन-दोन खुंट्यांवरून, सैल हाताने बंद करा. धाग्याची टोकं नुसत्या गाठीवर सोडू नका. बोटभर लांब ठेवून बोथट सुईने उलटसुलट दिशांनी ओवा.

बाळंतविड्यात देताना आईला एवढं जरूर सांगा: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंथरुणात सुटं ब्लँकेट ठेवू नये. मांडीवर, बाबागाडीत, कुणाचं लक्ष असताना खुशाल वापरावं.