मॉनिटरसमोरची खुर्ची रिकामी असते तेव्हा

मी ज्या निर्मितीसंस्थेत पहिली तीन वर्षं काम केलं, तिथे कायमची माणसं चारच होती. संस्थेचे मालक, लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट हे सगळं मिळून एकच गृहस्थ. शिवाय हिशेब पाहणाऱ्या एक बाई, एक संकलक आणि सहायक दिग्दर्शक म्हणून मी. शूटिंग लागलं की आकडा चाळीसच्या घरात जायचा आणि शेवटचं पॅकअप झालं की पुन्हा चारावर यायचा.

अशा संस्थेत पाऊल ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की धरावी. एरवी शॉट सुरू होतो तेव्हा दिग्दर्शक मॉनिटरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यात काय दिसतंय ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलेला असतो. इथे नेमक्या त्याच क्षणी तो उठून कॅमेऱ्यासमोर गेलेला असतो. निर्णय घेणारा माणूसच फ्रेमच्या आत. बाहेरून काय दिसलं हे त्याला बाहेर उभं असलेलं कुणीतरी सांगणार, आणि छोट्या युनिटमध्ये ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा तुम्ही असता. कॉल शीट (कुणी किती वाजता कुठे यायचं याचा रोजचा कागद), फोनाफोनी, रेकी (शूटिंगच्या जागा आधी पाहून येणं), कपड्यांच्या याद्या ही कामं आहेतच, पण ती कुणीही शिकवतं. पाहायचं कसं आणि पाहिलेलं सांगायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी आधी त्याबद्दलच लिहिते.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकन विनोदी नट जेरी लुईसनं १९६० साली 'द बेलबॉय' दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. तेव्हा स्वतःचं काम लगेच पाहता यावं म्हणून त्यानं फिल्म कॅमेऱ्याला व्हिडिओची जोड दिली. आजच्या सेटवरचा मॉनिटर आणि प्लेबॅक, म्हणजे झालेला टेक लगेच परत पाहायची सोय, त्याच वाटेनं आला आहे. पण प्लेबॅकनं सगळं भागत नाही. प्रत्येक टेक परत पाहायचा म्हटलं तर दिवसाचं गणित कोलमडतं. शिवाय नट स्वतःला पाहायला बसला की प्रसंग बाजूला राहतो आणि लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर जातं. आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेच्या मालकांनी, म्हणून मोजक्याच टेकचा प्लेबॅक पाहायचा असं ठरवलं होतं. बाकीच्या टेकसाठी ते आमच्यावर अवलंबून असायचे.

पहिल्याच चित्रपटातला एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. वडिलांच्या मागे राहिलेल्या कागदांची पिशवी टेबलावर ठेवून बहीण-भाऊ बोलताहेत. भाऊ म्हणजे सर. तिसऱ्या टेकला बहिणीचं काम फार सुंदर झालं, सरांनी फ्रेममधूनच "ओके" म्हटलं आणि लाइटवाले पुढच्या सेटअपच्या तयारीला लागले. मॉनिटरवर मला मात्र दुसरंच काही दिसलं होतं. बहीण बोलत असताना तिच्या शब्दांबरोबर सरांचे ओठ किंचित हलत होते. वाक्यं त्यांनीच लिहिलेली, वर्षभर डोक्यात घोळवलेली. त्यांच्या नकळत ती ओठांवर येत होती. तिच्या क्लोजअपमध्ये हे दिसलं नसतं, पण हा टू-शॉट होता, दोघंही एकाच फ्रेममध्ये. संकलनात लपवायला जागाच नव्हती.

मी नवीन होते. सगळ्यांनी टेक मनानं पास केलेला. तरी जाऊन त्यांच्याजवळ हळू आवाजात एवढंच म्हटलं, "सर, तिच्या दुसऱ्या वाक्यावर तुमचे ओठ हलताहेत." त्यांनी प्लेबॅक मागवला, दोनदा पाहिला, काही न बोलता खुर्चीवर परत जाऊन बसले आणि चौथा टेक झाला. त्या दिवसापासून "कट" झालं की ते आधी माझ्याकडे पाहायचे.

सांगायचं कसं, ते मी त्यातूनच शिकले. "छान झालं" किंवा "काहीतरी कमी वाटतंय" या दोन्हींचा त्या माणसाला उपयोग नसतो. त्याच्याकडे पुढच्या टेकआधी दोन मिनिटं असतात आणि अंगात ती भूमिका असते. एकच गोष्ट सांगा, कुठल्या वाक्यावर ते सांगा, आणि चारचौघांत सांगू नका. उपाय सुचवायच्या फंदात पडू नका. काय दिसलं तेवढं सांगा, पुढचं त्याला कळतं. आणि खरोखर काही खटकलं नसेल तर "चालेल" म्हणून मोकळे व्हा. उगाच काहीतरी शोधून काढणारा सहायक लवकरच कुणी ऐकेनासा होतो.

सहकलाकारांचं दुखणं वेगळं असतं. बहिणीची भूमिका करणारी अभिनेत्री पुढे एकदा मला म्हणाली, "सीनमध्ये कधीकधी वाटतं, हे माझ्याशी बोलत नाहीयेत, मला तपासताहेत." हे अगदी खरं आहे. नटाच्या डोळ्यांत दिग्दर्शक डोकावला की समोरच्याला लगेच कळतं. आम्ही त्यावर एक पद्धत बसवली. तालमीच्या वेळी सरांच्या जागी स्टँड-इन उभा राहायचा, सर बाहेरून पाहून हालचाली, कॅमेऱ्याची जागा आणि सहकलाकारांच्या सूचना सगळं संपवायचे. त्यानंतर ते फ्रेममध्ये गेले की फक्त नट. टेकच्या मध्ये समोरच्याला सूचना द्यायची नाही, अगदीच हवी तर बाहेर येऊन. "कट" म्हणायचं काम पहिल्या सहायकाकडे, तेही संवाद संपल्यावर मनात पाच आकडे मोजून. फ्रेममधला दिग्दर्शक स्वतः "कट" म्हणतो तेव्हा त्याचं वाक्य संपलं की तो सुटतो, आणि संकलकाला हवे असलेले शेवटचे श्वास हातचे जातात.

वेळापत्रक करताना याचा हिशेब धरा. संहितेचं पान आठ भागांत मोजून दिवसाचं काम ठरवायची पद्धत तुम्ही शिकालच. दिग्दर्शक स्वतः फ्रेममध्ये असेल त्या दिवशी आम्ही चार पानांऐवजी तीनच धरायचो. सकाळचा त्याचा तास-दीड तास मेकअपच्या खुर्चीत जातो आणि त्याच वेळी छायालेखक, कलादिग्दर्शक, साउंड अशा सगळ्यांना त्याला काही ना काही विचारायचं असतं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे प्रश्न एका कागदावर उतरवून ठेवले आणि मेकअपच्या खुर्चीशेजारी उभं राहून एकेक वाचले, तर ती वेळ वाया जात नाही. माझी ओळख संस्थेत झाली ती या कागदामुळे.

धोक्याचे शॉट वेळापत्रकाच्या शेवटी टाका. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर काढलं. त्याच संस्थेच्या १९५७ सालच्या 'दो आंखें बारह हाथ'मध्ये दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही त्यांचीच होती, आणि बैलाशी झुंजीच्या दृश्यात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. एरवी नट जखमी झाला तर दिग्दर्शक दुसरं काही चित्रित करत राहतो. इथे त्या एका माणसाबरोबर सगळंच थांबतं.

आता पैसा. अशा संस्था बऱ्याचदा मालकाच्या बाहेरच्या भूमिकांवर जगतात. अमेरिकन नट-दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिस दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम करून ते मानधन स्वतःच्या चित्रपटांत घालायचे. तसेच नट-दिग्दर्शक असलेल्या ऑर्सन वेल्सचा 'ऑथेल्लो' याच रीतीनं तीनेक वर्षं तुकड्यातुकड्यांत झाला: पैसे संपले की काम थांबवून ते बाहेर भूमिका करायला जायचे. एकदा तर कपडेच वेळेवर आले नाहीत, म्हणून त्यांनी खुनाचा प्रसंग हमामखान्यात, टॉवेल गुंडाळलेल्या नटांवर चित्रित केला. १९५२ साली त्या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. ही गोष्ट वाचताना उत्साह येतो. पण तुमच्या वाट्याला येते ती त्यातली दाढी. आमच्या दुसऱ्या चित्रपटात दोन शेड्युलांमध्ये चार महिन्यांचं अंतर पडलं, सर मधे बाहेरच्या चित्रपटासाठी दाढी राखून आले, आणि आमच्याकडे एकाच रात्रीचे दोन प्रसंग अर्धे राहिलेले. तेव्हापासून मी प्रत्येक शेड्युलच्या शेवटी त्यांचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो घेऊन केसांच्या लांबीसकट नोंद ठेवू लागले. बाहेरच्या भूमिकेचा करार होण्याआधी त्यांचा 'लूक' विचारून घ्यायचं कामही मी अंगावर घेतलं.

खिसा आणि खातं वेगळं ठेवण्याबद्दल हिशेबाच्या बाई फार कडक होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मालकानं घाईत स्वतःच्या खिशातून दिलेल्या पैशाचंही व्हाउचर त्या करून घ्यायच्या. मालकाचं दिग्दर्शनाचं आणि अभिनयाचं मानधन, प्रत्यक्षात घेतलं नाही तरी, बजेटमध्ये लिहिलेलं असायचं. ते लिहिलं नाही तर चित्रपट खरोखर केवढ्याला पडला हे कधीच कळत नाही आणि पुढच्या चित्रपटाचं बजेट पहिल्याच पानावर चुकतं.

कागदपत्रांतली एक फट मी दोन वेगवेगळ्या संस्थांमध्ये पाहिली आहे. कथा मालकानं स्वतः लिहिलेली असते, कंपनी त्याचीच असते, म्हणून कथेचे हक्क कंपनीच्या नावे लेखी करून द्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. वितरक किंवा ओटीटीवाले हक्कांची कागदपत्रं मागतात तेव्हा पहिलाच कागद गायब असतो. माणूस एक असला तरी लेखक आणि कंपनी हे दोन पक्ष आहेत. त्यांच्यात करार हवा. तो शूटिंगच्या आधी करून घ्या. संगीताचे, जागांचे आणि नटांचे करार त्याच फाइलमध्ये ठेवा.

फुटेजबद्दल थोडक्यात: दोन ठिकाणी कॉपी होऊन तपासली गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि तिसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना तिथे ऐकू येणारा आवाज, किमान अर्धा मिनिट घ्या, युनिट कितीही घाईत असलं तरी.

कामाला लागण्याआधी मानधन, श्रेयनामावलीत नाव कसं येणार आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार हे लेखी मागा. माणूस कितीही मनाचा मोठा असला तरी मागा. संस्था छोटी असते, चित्रपट लांबतो, आणि तोंडी ठरलेलं दोन वर्षांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारा: "तुम्ही फ्रेममध्ये असताना कट कोण म्हणतं?" उत्तरात एखाद्या माणसाचं नाव लगेच आलं, तर तिथे तुमचं ऐकलं जाईल. "मीच म्हणतो" असं उत्तर आलं तर पहिल्या चित्रपटापुरती नोकरी घ्या, हिशेब आणि वेळापत्रक शिका, आणि दुसऱ्या चित्रपटाचा करार करण्याआधी तो प्रश्न पुन्हा विचारा.