कागदपत्रांची फळी दोघांनी मिळून भिंतीवर कशी लावावी

आमच्या घरातली पहिली फळी लावल्यानंतर अकराव्या रात्री पडली. पहाटेचे तीन वाजले असतील. आवाजाने दोघंही उठून बसलो. दिवा लावला तर खोलीभर कागद: खरेदीखत, करांच्या पावत्या, जन्माचे दाखले, विम्याचे कागद, ह्यांच्या पेन्शनचा सगळा पत्रव्यवहार. ब्रॅकेट फळीलाच चिकटून खाली आले होते आणि भिंतीत सहा खड्डे पडले होते. प्रत्येक स्क्रूबरोबर गिलाव्याची खपली निघून आली होती. खड्ड्यात बोट घातलं तर वीट जेमतेम टोकाला लागत होती. माझे प्लग, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणाऱ्या भोकातल्या नळ्या, विटेत गेलेच नव्हते, नुसत्या गिलाव्यात बसले होते.

हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. सकाळी पलंगावर चादर पसरून कागद लावायला बसले आणि दोन दिवस तेच करत होते. दुसऱ्या दुपारी हाक आली, "अगं, इकडे ये जरा." हातात आमच्या विवाह नोंदणीच्या अर्जाची प्रत होती. ह्यांनी त्या दिवशी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली होती. ती खोडलेली, शेजारी अधिकाऱ्याची छोटी सही, आणि खाली योग्य जागी ह्यांची दुसरी सही, पहिलीपेक्षा जपून केलेली. चौतीस वर्षांत तो कागद मी नीट पाहिलाच नव्हता. मग ठरवलं, फळी पुन्हा लावायची, आणि या कागदांचा भार पेलेल अशीच लावायची. त्यानंतर आणखी दोन लावल्या. तिन्ही जागच्या जागी आहेत. आम्ही कसं केलं ते सांगते.

आधी वजन काढा. अंदाज नको, हिशेब करा. कागदाचा हिशेब सोपा आहे, कारण ए-४ हे माप मुळात हिशेबानेच बांधलेलं आहे. १९२२ साली जर्मनीत हे प्रमाण ठरलं. ए-० हा कागद बरोबर एक चौरस मीटरचा, आणि चार वेळा अर्धा केला की ए-४, म्हणजे सोळावा भाग. नेहमीचा कागद चौरस मीटरला ८० ग्रॅमचा असतो, म्हणून ए-४ चं एक पान ५ ग्रॅमचं. दोनशे पानांची फाइल एक किलो. अशा वीस फायली म्हणजे वीस किलो, वर पुठ्ठ्याच्या खोक्यांचे सहा किलो, आणि सव्वा मीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद प्लायवूडच्या फळीचे स्वतःचे चारेक किलो. झाले तीस. आम्ही साठ किलो धरून चाललो, कारण घरातले कागद कमी होत नाहीत, आणि फळीवर कधी ना कधी कोणीतरी हाताचा भार टाकतंच. त्याच मापामुळे उंचीचाही प्रश्न सुटतो. पान २९७ मिलिमीटर उंच, खोकं त्याहून थोडं जास्त, तेव्हा दोन फळ्यांमध्ये ३४ सेंटीमीटर मोकळे सोडा.

ब्रॅकेट काटकोनाचे घ्या आणि लांब बाजू भिंतीला लावा. बरेच जण लांब बाजू फळीखाली घेतात, कारण फळीला जास्त आधार मिळेल असं वाटतं. भिंतीतला वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, तो फळीच्या वजनाने नव्हे, त्या वजनाच्या तरफेने. तीस किलोचा भार भिंतीपासून सरासरी पंधरा सेंटीमीटरवर आहे असं धरा. भिंतीवरची बाजू दहा सेंटीमीटरची असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून पंचेचाळीस किलोची ओढ येते. तीच बाजू पंचवीस सेंटीमीटरची घेतली की ओढ अठरावर उतरते. फळी तीच, कागद तेच, स्क्रू तेच. सव्वा मीटरला तीन ब्रॅकेट लावा, दोन टोकांपासून थोडे आत आणि एक मध्ये, म्हणजे दोन ब्रॅकेटमधलं अंतर पन्नास सेंटीमीटरच्या आसपास राहतं. मधला गाळण्याचा मोह आवरा. सारख्याच दाटीने भरलेल्या फळीचं आधारांतलं अंतर दुप्पट झालं, तर तिचा झोल सोळापट होतो.

आता भिंत. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला भोक पाडू नका. वायरी बहुतेक याच रेषांनी गेलेल्या असतात. नळाच्या बाबतीतही तेच. भिंतीतली वायर ओळखणारं छोटं यंत्र मिळतं, ते जरूर फिरवून बघा, पण त्याने हिरवा दिवा दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका. खोल गेलेली किंवा त्या वेळी वीजच नसलेली वायर त्याला कळेलच असं नाही. त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करायची आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्यायचं, हा आमच्याकडचा नियम. बटण बंद केलं की हे तिथे चिठ्ठी चिकटवतात: "काम चालू आहे, लावू नये."

पातळीसाठी फोनवर विसंबू नका. फोनमधली पाणसळ वाईट नसते, आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा बऱ्यापैकी ओळखतो. पण कॅमेऱ्याचा उंचवटा, कव्हरची घडी, एवढ्यानेही एका अंशाचा फरक पडतो, आणि सव्वा मीटरच्या फळीत एक अंश म्हणजे जवळजवळ सव्वादोन सेंटीमीटर. फोन असो की बुडबुड्याची पट्टी, आधी तिची परीक्षा घ्या. भिंतीवर टेकवून आकडा वाचा, मग टोकं उलट करून त्याच जागी टेकवा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं पाहिजे.

आम्ही मात्र गवंड्याची जुनी रीत वापरतो, पाण्याच्या नळीची. चार-पाच मीटरची पारदर्शक नळी घ्या, बोटभर जाड चालेल. एक टोक उंचावर ठेवलेल्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या, टोकांना हातभर जागा रिकामी ठेवा. पाण्यात रंगाचा थेंब टाकला तर वाचायला सोपं जातं. मग नळी बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बघत जा. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं मिळतात आणि दोन्ही खरी वाटतात. बुडबुडा दिसला तर त्या जागी टिचकी मारत त्याला वर चढवायचा. वेळ लागतो, लागू द्या.

आता एक जण एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला. माझ्या खुणेजवळ मी नळी धरते, ह्यांनी आपलं टोक भिंतीला लावून उभं राहायचं. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले हवेत. एकाचाही अंगठा राहिला तर हवा कोंडते आणि पाणी खोटं बोलतं. सुरुवातीला पाणी वरखाली हेलकावत राहतं. मी "थांबा" म्हणते, आणि आम्ही दोघं हात न हलवता थांबतो. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. खोलीत पूर्ण शांतता असते, दोघांचीही नजर आपापल्या टोकाच्या पाण्यावर. मग हे सांगतात, "अगं, माझं थांबलं." मी म्हणते, "अहो, माझं अजून बोटभर वर आहे." मग ह्यांनी नळी हलवायची नाही; मी माझं टोक इतकं खाली घ्यायचं की पाणी माझ्या खुणेवर येईल, आणि पुन्हा थांबायचं. पाण्याचा पृष्ठभाग नळीच्या कडेजवळ किंचित वर चढलेला दिसतो, खूण त्याच्या तळाशी करायची, दोन्हीकडे तशीच. आमच्यात घरातल्या कामांवरून कधी वाद झाले नाहीत असं नाही, पण नळी धरलेली असताना एकदाही झाला नाही. समोरच्याला काय दिसतंय ते त्याने सांगितल्याशिवाय मला कळूच शकत नाही, आणि मी सांगेपर्यंत त्यालाही. दोन खुणा झाल्या की दोऱ्याने रेघ मारा. ब्रॅकेट उभा सरळ आहे की नाही, ते ओळंब्याने बघा; ओळंबा नसला तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतो.

भोक पाडताना घाई करू नका. बिट, म्हणजे ड्रिलला लावायची भोक पाडणारी सळई, सिमेंट-विटेसाठीचं हवं, टोकाला कार्बाइडचा तुकडा असलेलं. ८ मिलिमीटरचा, ४० मिलिमीटर लांबीचा नायलॉनचा प्लग आणि ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू या कामाला योग्य. गिलावा साधारण १५ मिलिमीटर धरा. तुमच्या भिंतीचा किती, हे पहिल्या भोकात कळेल. प्लग पूर्णपणे गिलाव्याच्या पलीकडे गेला पाहिजे. म्हणून भोक १५ अधिक ४०, अधिक तळाला भुकटीसाठी १०, असं ६५ मिलिमीटर खोल. बिटला टोकापासून ६५ वर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. स्क्रू ६० मिलिमीटरचा. आधी ५ मिलिमीटरच्या बिटने हलक्या वेगाने वाट करा, मग ८ चं लावा. वीट भरीव असेल तर ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, चालू. पोकळ ठोकळ्यांची भिंत असेल तर हॅमर बंद, नाहीतर आतलं कवच फुटतं.

डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. विटेच्या आणि सिमेंटच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसाला घातक असते, एका भोकासाठी काय होतंय असं म्हणू नका. भोकाखाली कागदाचं पाकीट उघडं करून चिकटवा, धूळ त्यात पडते.

आणि ती धूळ बघत राहा, भिंतीच्या आत काय आहे ते तीच सांगते. आधी पांढरट-करडी भुकटी येते, तो गिलावा. मग रंग बदलून लाल होतो, ती वीट. पहिल्या वेळी मी रेघेवर आणि ड्रिलवर लक्ष ठेवून होते, पाकिटाकडे पाहिलंच नाही. आता हे बाजूला वाकून बघत असतात आणि "लाल आली" म्हणतात. तिथून पुढे मी चाळीस आणि दहा मोजते. काँक्रीट असेल तर धूळ शेवटपर्यंत करडी राहते आणि बिट कष्टाने जातं. मध्येच बिट एकदम आत घसरलं तर विटांमधला सांधा किंवा पोकळी लागली, ती जागा सोडा. धुळीत चकाकी दिसली किंवा बिट अडून किंचाळायला लागलं तर आत लोखंड आहे. जोर न लावता थांबा, आणि दोन बोटं बाजूला घ्या.

भोक फुंकून किंवा छोट्या पंपाने साफ करा. भुकटी राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही. प्लग आत ढकलायला स्क्रू दोन फेरे लावून हातोडीने हलकेच ठोका. आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन याला अजून रावल प्लग म्हणतात. १९११ साली इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि सुरुवातीचे प्लग तागाच्या धाग्यांचे होते. स्क्रू आत शिरला की प्लग फुगून विटेला चहूबाजूंनी दाबतो, सगळी पकड त्या दाबात आहे. गिलावा ठिसूळ असतो, तो दाब त्याला सोसत नाही, म्हणून माझे सहाही निघाले.

बिट एका कारखान्याचं, प्लग दुसऱ्याचा, स्क्रू तिसऱ्याचा, तरी ८ म्हणजे ८ च. यात सरकारांचा हात आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. मापं जुळली नाहीत तर काय होतं, ते १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने पाहिलं. शहर पेटलं, वॉशिंग्टनहून आगगाडीवर लादून बंब आले, पण त्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोंडांवर बसेनात. आटे वेगळे होते. दीड हजाराहून जास्त इमारती जळाल्या. त्यानंतर बंबांच्या नळ्यांसाठी एक समान माप ठरवण्यात आलं. सरकारी कचेरीत तासन्‌तास बसून मीही वैतागलेली आहे, पण कुठल्या तरी खोलीत बसून माणसांनी आट्यांचं माप ठरवलं हे काम मला फार मोठं वाटतं.

स्क्रू हाताने आवळा, शेवटचे फेरे मशीनने नको. घट्ट झाल्यावर आणखी जोर लावला तर प्लग आतच फिरायला लागतो. आधी तिन्ही ब्रॅकेटचे वरचे स्क्रू सैलसर, मग खालचे, मग सगळे घट्ट. फळी ठेवून पुन्हा एकदा नळी लावा.

कागद लगेच ठेवू नका. पाण्याच्या बाटल्या ठेवा, एक लिटरला एक किलो, हिशेब आपोआप होतो. आम्ही चाळीस ठेवल्या आणि एक दिवस तशाच राहू दिल्या. ब्रॅकेटच्या वरच्या टोकामागे साध्या कागदाची पट्टी सरकवून बघा. आदल्या दिवशी जात नव्हती आणि आज जाते, तर स्क्रू बाहेर येतोय. आमची गेली नाही. मग फायली ठेवल्या, जाड्या ब्रॅकेटच्या डोक्यावर, हलक्या मधल्या भागात. नावं ह्यांनी लिहिली, अक्षर त्यांचं चांगलं. विवाह नोंदणीची फाइल मधल्या ब्रॅकेटवर आहे.

महिन्याने वरचे स्क्रू एकदा हाताने तपासा. पाव फेरा फिरून अडला तर हरकत नाही. फिरतच राहिला तर फळी त्याच दिवशी रिकामी करा, आणि चार बोटं बाजूला नवीन भोक घ्या.