इंग्रजी फ्रेजल व्हर्बचे फ्रेंच भाषांतर: वाटेत मराठी असू द्या

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्याची वाट बहुधा इंग्रजीतून जाते. अकरावीत गुणांसाठी घेतलेली फ्रेंच असो किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात नेटाने शिकलेली असो, शब्दकोश इंग्रजी-फ्रेंच असतो आणि पुढे भाषांतराचे काम मिळते तेही इंग्रजीवरूनच. त्यामुळे ‘गिव्ह अप’ किंवा ‘टर्न ऑफ’सारखे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि छोटा जोडशब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी, समोर आले की विद्यार्थी त्यातल्या ‘अप’ला आणि ‘ऑफ’ला फ्रेंच शब्द शोधू लागतो, आणि तिथेच गाडी अडते. माझी सूचना अशी की, ते वाक्य आधी मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे, कारण या एका बाबतीत फ्रेंचचे वळण इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहे.

सुरुवात हालचालीच्या क्रियापदांपासून करावी. ‘ही रॅन डाउन द स्टेअर्स’ या वाक्यात धावणे क्रियापदात आहे आणि खाली येणे ‘डाउन’वर सोपवले आहे. आपण मात्र ‘तो धावत जिना उतरला’ असे म्हणतो, म्हणजे दिशा मुख्य क्रियापदात येते आणि रीत ‘धावत’मध्ये जाते. फ्रेंच वाक्य हुबेहूब असेच बसते: ‘इल आ देसाँद्यू लेस्कालिए आँ कुराँ’. ‘देसाँद्र’ म्हणजे उतरणे आणि ‘आँ कुराँ’ म्हणजे धावत. नदी पोहून पार करायची असेल तर पार करण्यासाठी ‘त्राव्हेर्से’ आणि पोहून या अर्थी ‘आ ला नाज’ येते. लाथ मारून दार बंद केले असेल तर ‘फेर्मे’च्या जोडीला ‘दँ कु द पिए’ म्हणजे ‘लाथेने’ असे येते. या अदलाबदलीला व्हिने आणि दार्बेल्ने या भाषाशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच तुलना मांडताना ‘शासे-क्रवाझे’ म्हटले होते. मराठी माणूस ही अदलाबदल नाव न घेता रोज करतो. बसमध्ये चढणे आणि बसमधून उतरणे यांसाठी ‘माँते’ आणि ‘देसाँद्र’ इतके सरळ शब्द असताना ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’ची उकल करत बसण्याचे कारण नाही.

येथे सहायक क्रियापदाकडे लक्ष असावे. नुसते ‘तो उतरला’ असेल तर ‘एत्र’ (असणे) घेऊन ‘इल ए देसाँद्यू’, पण जिना हे कर्म आले की ‘आव्हुआर’ (जवळ असणे) घेऊन ‘इल आ देसाँद्यू’. शिवाय रीत उघड असेल तर ती गाळावी. ‘शी वॉक्ड इन’ला आपण ‘ती आत आली’ एवढेच म्हणतो आणि फ्रेंचलाही ‘एल ए आँत्रे’ पुरते.

लाक्षणिक अर्थाच्या क्रियापदांत मात्र मराठी कधी तारते, कधी फसवते. ‘टर्न ऑफ’ हे फसवण्याचे चांगले उदाहरण आहे, कारण आपण दिवा, नळ आणि इंजिन हे तिन्ही ‘बंद’च करतो. फ्रेंचमध्ये दिव्यासाठी ‘एतँद्र’, नळासाठी ‘फेर्मे’ आणि इंजिनासाठी ‘कुपे’ लागते. जुन्या मराठीतले ‘दिवा मालवणे’ आठवले तर ‘एतँद्र’ पक्के लक्षात राहते. आग विझवण्यालाही तेच क्रियापद चालते. ‘गिव्ह अप’चेही तसेच आहे: सिगारेट सोडणे ‘आरेते’, हक्क सोडणे ‘रनाँसे’, बसमध्ये वृद्धांना आपली जागा देणे ‘सेदे’. एखाद्याला ‘जाऊ दे रे, सोड!’ म्हणायचे असेल तर ‘लेस ताँबे’. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी कर्म काय आहे ते पाहावे.

‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ येथे मराठी तारते. आपण ‘दूध संपले’ म्हणतो, त्यात ‘आम्ही’ नाही; फ्रेंचही ‘इल न्या प्ल्यु द ले’ म्हणून मोकळी होते. ‘लुक फॉर’मधल्या ‘फॉर’ला ‘पूर’ जोडण्याची चूकही ‘किल्ली शोधणे’ असे म्हटले की टळते, कारण ‘शेर्शे’ थेट कर्म घेते. ‘एकुते’ म्हणजे ऐकणे, तेही तसेच. ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणे. येथे आपण ‘बसची’ वाट पाहतो, पण फ्रेंच माणूस बसलाच थेट कर्म करतो.

‘पुट अप विथ’साठीचे ‘स्युपोर्ते’ हे पाठिंबा देण्यासारखे वाटते, पण त्याचा नेहमीचा अर्थ सहन करणे हा आहे. असे शब्द इंग्रजीच्या सवयीने जड वाटतात, म्हणून काही जण ते टाळतात. तसे करू नये. फ्रेंच घरांत ते रोजचे आहेत.

सर्वात नाजूक जागा ‘ईट अप’सारख्यांची, जिथे ‘अप’ काम पुरे झाल्याचे सांगते. त्याला आपल्याकडे ‘खाऊन टाक’ आहे, पण फ्रेंचमध्ये असे ‘टाकणे’ नाही आणि शब्दशः ‘जेते’ लिहिले तर अन्न फेकण्याचा अर्थ होईल. तिथे पूर्णतेचा अर्थ ‘फिनीर’कडे द्यावा. जेवण रेंगाळवणाऱ्या मुलाला फ्रेंच आई ‘फिनी ताँ-नासिएत’ म्हणते, म्हणजे अक्षरशः ‘तुझे ताट संपव’.