दर ४४ वर पीकची रांग: माझा अनुभव

एलसी-एमएसवर (मिश्रण कॉलममध्ये वेगळं करून रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांच्या, रनमध्ये दर ४४.०३ एम/झेडवर (वस्तुमान भागिले विद्युतभार) एकेक पीक, कंगव्याच्या दातांसारखी रांग. हे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, एकाच घटकाची लांब साखळी असलेलं पॉलिमर. त्याखाली पेप्टाइड दबून जात होते. कॉलम बदलला, ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नवं आणलं, सोर्स (यंत्रात नमुन्याचे आयन बनतात तो भाग) दोनदा पुसला. तीन आठवड्यांत जीव मेटाकुटीला आला.

शेवटी नमुना न घालता नुसता ब्लँक चालवला. रांग तशीच! म्हणजे दोष नमुन्यात नव्हता. सॉल्व्हंटच्या बाटल्या इतर काचसामानाबरोबर डिटर्जंटने धुतल्या जात होत्या, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल त्या डिटर्जंटमधूनच येत होतं.

आधी नव्या बाटल्या घेऊन फक्त एलसी-एमएस ग्रेड पाण्याने, मग मिथेनॉलने विसळल्या. बाटलीतला फिल्टर बदलला. ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल घालून ताजे सॉल्व्हंट भरले, लाइन पर्ज केल्या (नळ्यांतलं जुनं सॉल्व्हंट बाहेर काढलं), शेवटी ट्रॅप कॉलम (मुख्य कॉलमआधी नमुना अडकवणारा छोटा कॉलम) बदलला. तिसऱ्या ब्लँकला बेसलाइन स्वच्छ. या बाटल्या आता आम्ही वेगळ्या कपाटात ठेवतो.