क्षेत्रीय परिषदेकडे गाऱ्हाणे नेताना या चुका टाळा

राज्याच्या हद्दीवर राहणाऱ्या माणसाला दोन सरकारांच्या मधे अडकणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या दोडामार्गचा रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात नेतात. तिलारीचे पाणी महाराष्ट्रात अडवले जाते आणि कालव्याने गोव्यात जाते. अशा दुहेरी प्रश्नांवर शेजारी राज्यांनी एकत्र बसून बोलावे म्हणून १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने पाच क्षेत्रीय परिषदा दिल्या. तरी त्यांच्याकडे जाणारी निवेदने बहुधा चुकीच्या मागणीपाशीच अडखळतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे परिषदेला न्यायालय समजणे. ‘परिषदेने गोवा शासनास आदेश द्यावेत’ असे वाक्य अर्जात आले की अर्जाचा जीव तिथेच जातो. कायद्याच्या कलम २१नुसार परिषद चर्चा करते आणि केंद्राला व संबंधित राज्यांना सल्ला देते, त्यापुढे तिचा अधिकार नाही. बैठकीत बहुमताने ठराव होतो, मते समसमान पडली तर अध्यक्ष, म्हणजे केंद्रीय गृहमंत्री, निर्णायक मत देतात. पण एवढे होऊनही तो ठराव सल्लाच राहतो. म्हणून मागणी अशी लिहा: ‘अमुक मार्गावरच्या आंतरराज्य बसफेऱ्यांचा विषय पश्चिम क्षेत्रीय परिषदेच्या पुढील बैठकीत महाराष्ट्राने मांडावा.’ हे वाक्य आपल्याच सरकारला उद्देशून आहे, आणि आंतरराज्य वाहतूक हा विषय कलम २१मध्ये नावानिशी आहे.

म्हणजेच अर्ज थेट दिल्लीला पाठवू नका. परिषदेत प्रत्येक राज्यातून मुख्यमंत्री आणि दोन मंत्री असतात, पण राज्यांनी सुचवलेले विषय आधी मुख्य सचिवांच्या स्थायी समितीपुढे येतात. तिथे बरेचसे प्रश्न मिटतात, न मिटलेले वर जातात. वर्तमानपत्रात फोटो मोठ्या बैठकीचा छापून येतो, खरी घासाघीस मात्र या समितीत होते. मला विचाराल तर अर्जदाराने बैठकीच्या तारखेपेक्षा या समितीच्या तारखेवर डोळा ठेवावा.

आता बेळगाव. ‘सीमाप्रश्न पश्चिम परिषदेत का काढत नाहीत?’ असे तळमळीने विचारणारे अनेक जण भेटतात. पश्चिम परिषदेत आज महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव आहेत. कर्नाटक दक्षिण परिषदेत आहे. वादी एका घरात, प्रतिवादी दुसऱ्या! मूळ १९५६च्या कायद्यात पश्चिम क्षेत्र मुंबई आणि म्हैसूर (आजचे कर्नाटक) या दोन राज्यांचेच होते, हे वाचले की चुटपुट लागते. तरी वाट अगदीच बंद नाही. कलम २२ दोन क्षेत्रांच्या परिषदांना संयुक्त बैठक घेण्याची मुभा देते, आणि सीमावादही कलम २१च्या विषयांत आहे. सीमाभागातल्या मराठी शाळा किंवा बससेवा यांसाठी मागणी करताना कलम २२चा आधार घ्या. हद्द कुठून जावी हा दावा मात्र महाराष्ट्राने २००४पासून सर्वोच्च न्यायालयात लावलेला आहे, त्याचा निकाल परिषदेकडे मागू नका. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवले, तेही परिषदेबाहेरच.

पाण्याच्या वाटपाचेही तसेच. त्याला घटनेचे कलम २६२ आणि त्याखालचा लवाद आहे. परिषदेत कालव्याची दुरुस्ती, आवर्तनाचे वेळापत्रक असे विषय मांडता येतात, हिश्श्याचा वाद नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्षेत्रीय परिषदा कायद्याने आलेल्या आहेत, घटनेने नव्हे. घटनेच्या कलम २६३खाली १९९०मध्ये स्थापन झालेली आंतरराज्य परिषद वेगळी, तिचे अध्यक्ष पंतप्रधान. दुसरी गोष्ट ईशान्येची: ईशान्य परिषद या पाच क्षेत्रीय परिषदांत मोजू नका, तिचा कायदा १९७१चा आहे आणि सिक्कीम २००२पासून तिच्यात आहे. पूर्व परिषदेच्या यादीत सिक्कीम लिहून गुण घालवणारे दरवर्षी असतात.

शेवटची चूक पाठपुराव्याची. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात पश्चिम परिषदेची बैठक झाली, त्याआधी ऑगस्ट २०२३मध्ये गांधीनगरला. मधे दीड वर्ष गेले. एवढ्या काळात अधिकारी बदलतात, फाइल तळाशी जाते. तुमचा विषय कार्यसूचीवर आला असेल तर त्याचा बाब क्रमांक टिपून ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाका: या बाबीवर आजवर काय कार्यवाही झाली, आणि फाइल सध्या कोणाच्या टेबलावर आहे?