बर्फ वितळल्यावर सामुदायिक शेत पेरणीला कसं आणावं

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एप्रिलात बर्फ ओसरला की आमच्या सामुदायिक शेतावर सगळ्यांचेच हात शिवशिवतात. तरी लगेच वाफ्यात पाय ठेवू नका. आधी वाफसा बघा, म्हणजे माती कामाजोगी सुकली आहे का ते. चार बोटं खोलची माती मुठीत दाबा आणि अंगठ्यानं ढकला. गोळा भुसभुशीत फुटला तर कामाला लागा. चिकट राहिला तर थांबा. ओली चिकणमाती तुडवली की घट्ट बसते, मग हंगामभर मुळांना हवा मिळत नाही. माझ्या मते सगळ्या कामांत हे थांबणंच मोलाचं.

तोवर बाकीचं उरका. कुंपण तपासा, सशाची पिल्लं लहानशा फटीतूनही शिरतात. खुरप्यांना धार लावा. सामायिक नळ कधी सुरू होणार ते विचारून ठेवा. ऑक्टोबरात लावलेल्या लसणावरचा पेंढा हळूहळू बाजूला करा. गेल्या वर्षीची पोकळ देठं मात्र दिवसा १० अंशांवर ऊब टिकेपर्यंत राहू द्या, त्यांत रानमधमाश्या असतात.

वाफसा आला की दोन-तीन सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरा, खोल खणू नका. मग वाटाणा, पालक, मुळा. माती ५ अंश सेल्सिअस झाली तरी वाटाणा उगवतो. मेथी थोडी नंतर. टोमॅटो-मिरचीची रोपं कुणी कितीही घाई केली तरी बाहेर लावू देऊ नका. इथं मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठू शकतं. भेंडीला तर माती १८ अंशांच्या पुढे लागते, म्हणून ती आम्ही जूनच्या तोंडावरच पेरतो.